फ्यूजनची वही : आठवडा सातवा

मंडळी, आधी कबुली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत फ्यूजन म्हणजे सतारीच्या मागं कीबोर्ड आणि ड्रमचा ठोका, रिसेप्शनला वाजतो तसला, एवढीच माझी समजूत होती. खरं तर ते जॅझमध्ये रॉक, फंक (अमेरिकी नाचाचं ठेकेबाज संगीत) किंवा आपलं संगीत मिसळून झालेलं. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलोय, त्यामुळं कान लयीकडं जातो. बाकी पाटी कोरी.

सुरुवात जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या अल्बमपासून (१९७३). त्यातल्या पहिल्याच तुकड्याची, ‘कमीलियन’ची, बासची (खालच्या सुरांची) ओळ उसन्या बास गिटारवर तीन दिवस बसवत होतो. नंतर कळलं, ती सिंथेसायझरवर वाजवलेली आहे! पण त्या तीन दिवसांत एक गोष्ट हाताला लागली. ती ओळ म्हणजे चक्क लेहरा आहे, तबल्याच्या साथीला फिरत राहणारी सुरावट. खाली तेच तेच फिरतंय आणि वरचा माणूस मोकळा. जुन्या जॅझमध्ये ठेका झुलतो, मात्रेचे दोन तुकडे लहान-मोठे पडतात. इथं ते बहुतेक सारखे पडतात, रॉक आणि फंकसारखे. सुरांची उपज मात्र जॅझची. विजेची वाद्यं दिसली की फ्यूजन म्हणून मोकळं व्हावं, तर तसं नाही. खालची जमीनच बदललेली असते.

तिसरा-चौथा आठवडा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या रेकॉर्डवर (१९६९) गेला. त्यात कीबोर्डवर तिघं आहेत, हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. दुसऱ्या बाजूचा शेवट ऐकताना वाटलं, किती हुबेहूब मुखड्यावर आले! पुन्हा लावलं. फारच हुबेहूब. झालं होतं असं, की निर्माता टिओ मासेरोनं सुरुवातीचीच टेप कापून शेवटी जोडली होती. मला आधी फसवल्यासारखं वाटलं. आता वाटतं, त्या रेकॉर्डमध्ये कात्री हेही एक वाद्यच आहे. (डेव्हिसच्याच पुढच्या वर्षीच्या ‘बिचेस ब्रू’वर तीन वेळा चढाई केली, तिन्ही वेळा अर्ध्यातून परत. थांबतो थोडा.)

‘वेदर रिपोर्ट’ हा बँड आवडला, त्यातल्या जाको पास्टोरियसच्या बिनपडद्याच्या बास गिटारमधली मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, तर खासच.

आता घरचा मुद्दा. आबा जयपूर घराण्याचे पक्के श्रोते. त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात होते, म्हणजे ते गाणं आमच्या गावचंच, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘‘काय लावलंयस रे, भजी तळल्यागत?’’ मी फ्यूजन समजावायला गेलो, तर म्हणाले, ‘‘बसंती केदार हा जोडराग ऐकलास न्हवं? त्यात बसंत कुठं सरला आन् केदार कुठं लागला, बोट ठेवून दाव.’’ दाखवता आलं नाही. तेव्हापासून माझी कसोटी हीच. सांधा दिसला, की ती नुसती शेजारी-शेजारी ठेवलेली दोन गाणी.

या कसोटीवर ‘शक्ती’ हा बँड सरळ पास. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम. विजेची वाद्यं जवळपास नाहीतच. मॅकलॉफ्लिनच्या गिटारीला तरफा (सतारीला असतात तशा, आपोआप झणझणणाऱ्या तारा) लावून घेतल्या होत्या, त्यामुळं सूर सुटल्यावरही मागं झंकार राहतो. आबा अख्खा तुकडा गप्प बसून ऐकत होते. आमच्याकडं याला दाद म्हणतात.

सध्या त्याच मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचं ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) चालू आहे. शीर्षकाचा तुकडा अठरा मात्रांचा. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर हेडफोन लावून बोटांवर मोजतो आणि व्हायोलिन घुसलं की हरवतो. नऊ-नऊ करून पाहिलं, सहाचे तीन गट करून पाहिलं. आघात दोन्हींत बसेनात. कुणाला सापडलं असेल तर विभाग कळवा.

काल आबांनाही मोजायला बसवलं. चौदापर्यंत गेले आणि म्हणाले, ‘‘चहा टाक.’’