जोनास नेमका कुठे बदलतो?

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात आम्हाला छोटा शोधप्रबंध लिहायचा होता. मी विषय दिला, 'डिस्टोपियन किशोर कादंबरीतील व्यक्तिरेखाविकास'. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात किती कादंबऱ्या येतात गं?"

"बऱ्याच येतात, मॅडम."

"मग लिहिणार कोण?"

डिस्टोपिया म्हणजे वरून शिस्तशीर दिसणारा आणि आतून माणसाची पार वाट लावणारा काल्पनिक समाज. असल्या कादंबऱ्या मी अकरावीपासून फडशा पाडल्यासारख्या वाचल्या होत्या, त्यामुळे एक निवडणं जिवावर आलं. शेवटी दोन उरल्या : 'द हंगर गेम्स' (२००८) आणि लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३).

खरं सांगायचं तर मला 'हंगर गेम्स'ची नायिका कॅटनिस जास्त आवडते. पण कादंबरी सुरू होते तेव्हाच ती बरीचशी मोठी होऊन बसलेली आहे. अकराव्या वर्षी वडील खाणीतल्या स्फोटात गेले, आईने हाय खाल्ली, घराचा भार हिच्यावर पडला. जादा धान्य मिळावं म्हणून ती जीवघेण्या खेळासाठी मुलं निवडणाऱ्या सोडतीत स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवत गेली. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. तिला शिकायचंय ते दुसऱ्यावर विश्वास टाकायला, आणि ते नीट मांडायचं तर तिन्ही भाग घेणं आलं. 'द गिव्हर'च्या नायकाला, जोनासला, मात्र सुरुवातीला कशाचीच ददात नाही. घर, जेवण, सायकल, शांत बोलणारे आईवडील, सगळं आहे. रंग, ऊन, बर्फ, प्रेम, युद्ध यांतलं काहीच त्याच्या समाजाला माहीत नाही, आणि माहीत नाही हेही माहीत नाही. बाराव्या वर्षी त्याला काम नेमून दिलं जातं ते साऱ्या समाजाच्या जुन्या आठवणी एकट्याने साठवून ठेवण्याचं. आधी हे काम करणारा म्हातारा त्या आठवणी त्याला स्पर्शाने देत जातो. मग तो बदलतो का आणि नेमका कुठे, हे एका पुस्तकात तपासता येतं. मॅडम म्हणाल्या, "हां, आता हा विषय झाला."

पुस्तक तसं बारकं, तेवीस प्रकरणांचं. प्रत्येक प्रकरणासाठी वहीत तीन रकाने आखले : जोनासला काय कळतं, तो काय करतो, आणि घरी काय सांगतो. तिसरा रकाना मॅडमनी सुचवला, आणि सगळी गंमत त्यातच निघाली. या समाजात रोज रात्री जेवण आटोपल्यावर दिवसभराच्या भावना सांगायच्या आणि सकाळी स्वप्नं सांगायची असा दंडक आहे. नवव्या प्रकरणानंतर तो रकाना ओस पडत जातो. मी लगेच 'बंड' असं लिहून मोकळी झाले असते, पण नव्या कामासोबत त्याला मिळालेली नियमावली पुन्हा वाचली. स्वप्न सांगायचं नाही, प्रशिक्षणाबद्दल बोलायचं नाही, हे त्याला वरूनच बजावलेलं आहे. इतकंच काय, खोटं बोलायची परवानगीसुद्धा त्या आठ नियमांतच दिली आहे! म्हणजे त्याचं सुरुवातीचं गप्प बसणं हा निव्वळ आज्ञाधारकपणा.

मग मी नियम मोडल्याच्या जागा शोधल्या. पहिली जागा सफरचंदाची. अ‍ॅशर या मित्राबरोबर झेलाझेली खेळताना हवेतल्या सफरचंदात क्षणभर काहीतरी बदलल्यासारखं त्याला दिसतं. नक्की काय ते पाहायला तो ते घरी आणतो, नियम मोडून. ध्वनिक्षेपकावरून, नाव न घेता, समज दिली जाते. तो ओशाळतो, सफरचंद टाकून देतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेआधी जाऊन माफी मागतो.

दुसरं टोक सोळाव्या प्रकरणात. आजीआजोबा, भेटवस्तू, शेकोटी अशी एका कुटुंबाची आठवण घेऊन तो घरी येतो आणि आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात, शब्द जपून वापर म्हणतात. आपल्याला समजलं, असं तो खोटंच सांगतो. हे खोटं परवानगीतलं, म्हणून मी तिथे थांबले नाही. खरा बदल प्रकरणाच्या शेवटच्या ओळींत आहे : वयात येताना उठणाऱ्या इच्छा दाबणारी रोजची गोळी तो घेत नाही. ही परवानगी त्याला कुणीच दिलेली नाही. कुणी पाहत नाही, समज मिळत नाही, माफीही मागितली जात नाही.

मॅडमनी इथे मला अडवलं. "चौदाव्यात तो त्या तान्ह्या गेब्रियलला आठवण देतो, त्याचं काय?" गेब्रियल म्हणजे जोनासच्या घरी सांभाळायला आणलेलं बाळ. मुद्दा बिनतोड होता. पण तिथे सुरुवात नकळत होते आणि हेतू रडणारं बाळ शांत करण्याचा आहे. गोळी तो स्वतःसाठी, समजून उमजून टाळतो. आमचं यावर शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही. मॅडमनी दोन्ही बाजू मांडायला लावल्या, त्याने ते प्रकरण सुधारलंच.

अ‍ॅशरवर मी वेगळं प्रकरण लिहिलं, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रबंधात तेच बरं उतरलंय. तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना एक शब्द चुकला म्हणून अ‍ॅशरला छडीचे फटके बसत राहिले, इतके की त्याने काही काळ बोलणंच सोडलं. बारा वर्षांच्या मुलांच्या समारंभात प्रमुख बाई हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. सभागृह हसतं, जोनासही हसतो. सतराव्या प्रकरणात तोच अ‍ॅशर मुलांबरोबर लुटूपुटूची लढाई खेळतोय. जोनासने दरम्यान खऱ्या रणांगणावर मरणाऱ्या मुलाची आठवण सोसलेली आहे. हा खेळ नको म्हणून तो विनवतो. खेळ हे माझं खातं आहे, तुझं नाही, असं अ‍ॅशर सुनावतो, मग ठरलेल्या शब्दांत क्षमा मागतो. अ‍ॅशर आहे तिथेच आहे, म्हणूनच जोनास किती लांब गेला ते दिसतं. २०१४च्या सिनेमात जोनासचं वय वाढवलंय. तिथे मला हे सगळं पातळ झाल्यासारखं वाटलं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी अपेक्षित प्रश्न विचारला, शेवटी मुलगा मरतो की जगतो? पुढच्या पुस्तकांत तो जिवंत भेटतो, पण मी एकाच पुस्तकाची मर्यादा आखली आहे, असं सांगितलं. मग त्यांनी अवघड विचारलं. वडिलांनी स्वतःच्या हातांनी जुळ्या बाळांतल्या एकाला सुई देऊन मारलं, हे एकोणिसाव्या प्रकरणात पाहिल्यावर जोनासचा विकास संपला. पुढचं पळणं म्हणजे नुसतं कथानक, नाही का?

मी बाविसावं प्रकरण काढलं. गेब्रियलला घेऊन पळताना उपासमार होते तेव्हा तो रडतो, पण आपण मरू म्हणून नाही. या बाळाला वाचवू शकणार नाही म्हणून. पहिल्या पानावर हाच मुलगा स्वतःच्या भीतीला नेमकं काय म्हणावं एवढ्यातच गुंतलेला होता.

सरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पान उलटून ते संदर्भसूचीकडे वळले, आणि उरलेला सगळा वेळ माझ्या स्वल्पविरामांवर गेला.