आप्पांनी चिमटीत घेतलेली माती

विल्यम्स ग्रोव्ह या मातीवरच्या मोटारशर्यतींच्या ट्रॅकच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या आप्पा खाली वाकले, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि म्हणाले, "चिकण हाय. पाणी मारलंय चांगलं."

माझे आप्पा खेड तालुक्यातले, शर्यतीचा बैलगाडा बाळगणारे जुने गाडामालक. उन्हाळ्यात तीन महिने माझ्याकडे पेनसिल्व्हेनियात आले होते. नायगारा दाखवला, न्यूयॉर्क दाखवलं, पण त्यांचा जीव कशात रमेना. मी मेकॅनिक्सबर्गला राहते. शुक्रवारी रात्री दूरवरून घुमणारा आवाज दहा वर्षं ऐकत आले होते, पण तो कुठून येतो ते बघायला कधी गेले नव्हते. या वेळी आप्पांसाठी गेले.

हा मातीचा ट्रॅक १९३९ सालचा. अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८०० मीटरचा. शेजारी २००५ मध्ये बंद पडलेलं जुनं करमणूक उद्यान. त्याच वर्षी इथून जवळच कार्लाइल पाइकवरचा सिल्व्हर स्प्रिंग ट्रॅकही बंद झाला. त्या जागी आता मोठं शॉपिंग सेंटर आहे. मी आठवड्याची भाजी तिथूनच आणते आणि पायाखाली शर्यतीची माती होती हे मला ठाऊकच नव्हतं. ते कळल्यापासून तिथे गाडी लावताना चुकल्यासारखं होतं.

आम्ही पिटचा, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवाराचा पास घेतला, कारण आप्पांना गाड्या जवळून बघायच्या होत्या. स्प्रिंट कार म्हणजे चालकासकट साडेसहाशे किलोच्या आत-बाहेरचं वजन, ४१० क्युबिक इंचाचं इंजिन, सुमारे ९०० हॉर्सपॉवर, इंधन मिथेनॉल आणि डोक्यावर भलंमोठं पत्र्याचं पंख. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, स्टार्टरही नाही. मागून ट्रक येतो, गाडीला ढकलतो, आणि थोडं अंतर गेल्यावर इंजिन असं काही धडाडतं की छातीच्या पिंजऱ्यात थरथर होते. मिथेनॉलच्या धुराने आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसत म्हणाले, "म्हणजे हितंबी जुपणी लागतीच." जुपणी म्हणजे शर्यत सुटण्याआधी बैल गाड्याला जुंपणं.

एका गाडीपाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून चाकाच्या आतला चिखल पत्र्याच्या पट्टीने खरवडत होती. एका बाजूला किलोभर चिखल राहिला तरी चाकाचा तोल जातो, असं तिने सांगितलं. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं. त्यामुळे गाडी आपसूकच डावीकडे वळू बघते, आणि इथली सगळी वळणं डावीकडेच. तिचे वडील गाडी चालवणारे, काका इंजिन बघणारे. आप्पा तिच्याशेजारी उकिडवे बसले. भाषा एक नाही, तरी दोघं दहा मिनिटं त्या चाकाकडे बोट दाखवत बोलत होते.

शर्यतीबद्दल थोडक्यात सांगते. चोवीस गाड्या, पंचवीस फेऱ्या, एकेक फेरी सतरा-अठरा सेकंदांची. वळणात गाड्या आडव्या होऊन सरकतात, मातीचे गोळे पार स्टँडपर्यंत येतात. आप्पा उभेच होते.

पण मला लिहायचंय ते या खेळाच्या तब्येतीबद्दल. हा प्रश्न इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. एका संघमालकाने सांगितलं की नवीन इंजिन साठ-सत्तर हजार डॉलरला पडतं आणि दहा-पंधरा रात्रींनी ते उघडून परत बांधावं लागतं. साध्या शुक्रवारचं बक्षीस त्याला पुरत नाही. मोठा पैसा आहे तो देशभर फिरणाऱ्या मालिकांत. १९७८ पासूनची वर्ल्ड ऑफ आउटलॉज आहेच. २०२४ पासून काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट या चालकांची हाय लिमिट हीसुद्धा देशभर फिरू लागली. त्यासाठी त्यांनी ऑल स्टार सर्किट विकत घेतलं, आणि १९७० साली सुरू झालेली ती मधल्या फळीची मालिका स्वतंत्र अशी उरलीच नाही. आउटलॉज आले की इथलं स्टँड ओसंडतं. स्थानिक चालकांना 'पेनसिल्व्हेनिया पॉसी' म्हणतात. लान्स ड्यूवीससारख्याने याच ट्रॅकवर शंभरावर शर्यती जिंकल्यात. बाहेरच्यांना आपल्या मातीत हरवणं हा इथे गावाच्या इभ्रतीचा मामला असतो.

ती गर्दी बघून खेळ जोरात आहे असं म्हणायला मी तयार होते. आप्पा नव्हते. घरी येताना गाडीत म्हणाले, "यात्रेच्या दिवशी घाट भरतोच गं. बाकीच्या दिवशी गोठ्यात कोन हाय, ते बघायचं." घाट म्हणजे बैलगाडे पळतात ती धावपट्टी.

त्यांचं हे बोलणं कुठून येतं ते मला माहीत आहे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाल्या. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता, हे आप्पाही मान्य करतात. पण मधल्या साडेसात वर्षांत आमची खिलार जोडी विकली गेली, आणि जुपणीला हात देणारी पोरं चाकणच्या कंपन्यांत गेली. शर्यती सुरू झाल्या तेव्हा बक्षिसं मोठी झाली होती, पण बैलाच्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस आमच्या आळीत एकही उरला नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी त्यांना तासाभरावरच्या पोर्ट रॉयलला नेलं. जुनिआटा नदीकाठचं छोटं गाव, आणि ट्रॅक जत्रेच्या मैदानातच. मालक कोण, तर जुनिआटा काउंटीची शेतकी सोसायटी. आप्पांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हणजे यात्रा कमिटीचाच घाट!" आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

तिथे ३०५ क्युबिक इंचाचा स्वस्त वर्गही धावत होता. नवी पोरं त्यात शिकतात. माझ्या मते या प्रदेशाची नाडी तिथेच बघावी. अमेरिकेत ४१० च्या गाड्या दर आठवड्याला धावतात असे भाग थोडेच, आणि त्यातला हा सगळ्यात दाट. शुक्रवारी एक ट्रॅक, शनिवारी दुसरे. ही आठवड्याची सवय आहे म्हणून चिखल खरवडणारी मुलगी आहे, म्हणून इंजिनवाला काका टिकून आहे. मोठ्या मालिकांनी इथले चांगले चालक वर्षभर बाहेर ओढले आणि साधा शुक्रवार ओस पडला, तर आउटलॉज हरवायला येणार कुणाला? त्या रात्री तरी पिटमध्ये उभ्या गाड्यांच्या रांगा होत्या, आणि टायरवर बसून वडापाव खावा तसा सँडविच खाणारी पोरंही भरपूर होती. मला बरं वाटलं, पण पूर्ण निर्धास्त नाही वाटलं.

परतताना हायवेवर पावसाचे थेंब पडायला लागले. आप्पांनी काच खाली करून हात बाहेर काढला.

"पुढच्या शुक्कीरवारी पाऊस हाय का, ते तुझ्या फोनात बघ."


"चाळीस टक्के दाखवतंय, आप्पा."

"मग लवकर निघू. माती बघायला मिळंल."