डाव्या हाताचा माऊस

आपल्या शाळेच्या पहिल्या संगणक कक्षात विंडोज सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटत असत. अक्षरे रोमन असली तरी शब्द मराठीच होते: नेहमीचा, नवा आणि डावा. विद्यार्थ्याने आपल्याला लागू असलेला आकडा दाबायचा आणि मगच विंडोज ३.१ उघडायचे, असा नियम होता. ही योजना आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्वतः आखलेली होती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत क्रीडांगण, स्नेहसंमेलने आणि सहली यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच; मी त्या तीन ओळींमागे काय होते तेवढेच सांगणार आहे, कारण निपाणीच्या परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत १९९४-९५ च्या सुमारास कोणीतरी विद्यार्थ्याच्या हाताचा आणि डोळ्यांचा इतक्या बारकाईने विचार केला होता, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

त्या वेळी संगणक मोजकेच होते आणि एका संगणकापुढे तीन-चार जण बसत. ३८६ जातीचा प्रोसेसर, चार मेगाबाइट मेमरी आणि चौदा इंची मॉनिटर असे त्यांचे स्वरूप होते. रंगीत मॉनिटर एकच होता, बाकीचे कृष्णधवल. विंडोज ३.१ ही आवृत्ती १९९२ मध्ये आलेली असल्याने तेव्हा ती नवीच म्हणायची. आमच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी संगणक फक्त बँकेच्या काउंटरपलीकडे पाहिलेला होता.

पडद्याची मांडणी कशी ठरवायची, हा विषय सरांनी फळ्यावर गणित मांडून शिकवला. पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके, म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. सोळा रंग दाखवायचे तर प्रत्येक ठिपक्याला चार बिट, म्हणजे अर्धा बाइट लागतो. तेव्हा संपूर्ण पडद्याला १,५३,६०० बाइट पुरतात. आमच्या व्हीजीए कार्डावर, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या कार्डावर, २५६ किलोबाइट, म्हणजे २,६२,१४४ बाइट इतकी मेमरी होती. त्याच आकाराच्या पडद्यावर २५६ रंग हवे असतील तर प्रत्येक ठिपक्याला पूर्ण एक बाइट लागेल, बेरीज ३,०७,२०० बाइटवर जाईल आणि ती कार्डात मावणार नाही. रंगीत मॉनिटरवर २५६ रंग का दिसत नाहीत, या मुलांच्या सततच्या प्रश्नाचे उत्तर या एका वजाबाकीत होते. पुढचा प्रश्न त्यांनी आम्हांलाच सोडवायला दिला: आडवे ८०० आणि उभे ६०० ठिपके घेतले, रंग मात्र सोळाच ठेवले, तर काय होईल? उत्तर २,४०,००० बाइट येते आणि ते मावते. म्हणजे पडद्यावर अधिक मजकूर बसवण्याची सोय त्याच कार्डात होती. तरीही सरांनी सगळे संगणक ६४० बाय ४८० वरच ठेवले. चौदा इंची काचेवर ठिपके वाढले की प्रत्येक अक्षर लहान होते, आणि खुर्चीच्या मागे उभ्या राहिलेल्या तिसऱ्या-चौथ्या मुलाला ते वाचता येत नाही, हे त्यांचे कारण होते. यंत्राची कमाल क्षमता किती आहे हे मोजून पाहायचे आणि मग शेवटच्या मुलाचे डोळे पाहून निर्णय घ्यायचा, ही त्यांची पद्धत मला आजही बिनतोड वाटते.

ठिपके आणि रंग बदलण्याची जागा कंट्रोल पॅनेल या विंडोजच्या सेटिंग्जच्या चौकटीत नव्हती. मेन नावाच्या गटातील विंडोज सेटअप उघडून तेथे डिस्प्ले, कीबोर्ड, माऊस आणि नेटवर्क या चार ओळींपैकी हवी ती बदलावी लागे. संगणक मग ड्रायव्हरची, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, फ्लॉपी मागत असे आणि शेवटी विंडोज पुन्हा सुरू करावे लागे. कार्डाला न पेलणारा पर्याय निवडला गेला, तर विंडोज उघडतच नसे. अशा वेळी घाबरून कोल्हापूरहून किंवा बेळगावहून माणूस बोलावण्याची गरज नसते. डॉसमध्ये, म्हणजे विंडोज ज्यावर चालते त्या टाइप करून आज्ञा देण्याच्या प्रणालीत, राहून विंडोजच्या डिरेक्टरीत जायचे, तेथे सेटअप हा शब्द टाइप करायचा आणि साधा व्हीजीए पर्याय परत निवडायचा, एवढेच पुरते. ही रीत सरांनी आठवीच्या वर्गालाही शिकवून ठेवली होती.

रंगांच्या बाबतीत कृष्णधवल मॉनिटरांनी आम्हांला अधिक शिकवले, असे माझे मत आहे. कंट्रोल पॅनेलमधील कलर या चित्रावर डबल क्लिक केले की रंगांच्या तयार योजनांची यादी उघडत असे आणि मुलांना त्यांतल्या भडक योजनांचे फार आकर्षण होते. आमच्या कृष्णधवल मॉनिटरांत लाल, हिरवा आणि निळा या तीन संकेतांपैकी केवळ हिरवा वापरला जात होता. त्यामुळे रंगीत पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारी लाल अक्षरे तिकडे काळ्यावर काळी होऊन नाहीशी होत. सरांनी तीच योजना दोन मॉनिटरांवर शेजारी शेजारी लावून दाखवली आणि वर्गाने एकमताने पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ही साधी योजना सर्वत्र ठेवण्याचे ठरवले. माऊसचा बाण लवकर सापडावा म्हणून माऊस ट्रेल्स हा पर्यायही त्या संगणकांवर सुरू केला होता. बाण सरकला की मागे त्याच्या पुसट प्रतींची रांग दिसे आणि डोळ्यांना त्याचा माग काढणे सोपे जाई.

देवनागरीमुळे या सगळ्याला आणखी एक बाजू होती. विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्टची सोय आल्यामुळे अक्षरे लहानमोठी करता येऊ लागली होती आणि शाळेने मराठी टायपिंगसाठी एक फॉन्ट घेतला होता. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे बारीक आकारातही ओळखू येत, परंतु मराठीचा अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या यांना पुरेसे ठिपकेच मिळत नसत. कानडीच्या तासाला आम्ही अक्षराच्या खाली लिहिली जाणारी जोडाक्षरे शिकत होतो, त्यामुळे दोन्ही लिपींना अक्षराच्या वर आणि खाली किती जागा लागते, हे सीमाभागातल्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. मराठी मजकूर सोळा पॉइंटाच्या खाली लिहायचा नाही, असा कक्षाचा नियम होता आणि शाळेच्या हस्तलिखिताची अनुक्रमणिका आम्ही त्याच नियमाने पहिल्यांदा संगणकावर केली.

माऊसविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या गावात माऊसचा खरा शत्रू हवेतच होता. निपाणी ही तंबाखूची बाजारपेठ. हंगामात वखारींतून तंबाखू चाळली जाऊ लागली की तिची तपकिरी भुकटी रस्त्यावर, खिडक्यांच्या गजांवर आणि माणसांच्या कपड्यांवर बसते. आमच्यापैकी अनेकांच्या आया वखारीत कामाला जात. माझी आईही जात असे. ती भुकटी टेबलावर येई, टेबलावरून माऊसच्या पोटातील रबरी आवरणाच्या गोळीला चिकटे आणि गोळीमार्फत आतील रुळांवर जाऊन बसे. त्या काळच्या माऊसमध्ये एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन रूळ असत, एक आडवी हालचाल मोजणारा आणि दुसरा उभी. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असे, चकती फिरली की तिच्या खाचांतून जाणारा प्रकाश तुटक होई आणि त्यावरून संगणकाला अंतर कळे. रुळावर भुकटीचे कडे तयार झाले की बाण एकाच दिशेने अडखळत चालतो. बाण आडवा अडखळतो की उभा, हे पाहून कोणता रूळ खराब आहे ते न उघडताच सांगता येते. दर शनिवारी सकाळची शाळा सुटताना खालची गोल झाकणी फिरवून गोळी काढणे, ती ओल्या फडक्याने पुसून वाळवणे आणि रुळांवरचे कडे काडीने हळुवार खरवडणे हे काम पाळीपाळीने आमच्याकडे असे.

काही माऊसना तीन बटणे होती आणि पोटाखाली एक छोटी कळ होती. ती कळ सरकून दुसऱ्या बाजूला गेली, तर माऊस वेगळ्याच पद्धतीने संदेश पाठवू लागतो आणि विंडोजमधील बाण पडद्यावर वाटेल तिकडे उड्या मारतो. माऊस बिघडला म्हणून बाजूला ठेवण्याआधी ती कळ पाहायची, हा धडा पुढे मला नोकरीतही उपयोगी पडला. विंडोजमध्ये माऊस चालतो आणि डॉसच्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही, याचे कारणही असेच सोपे आहे: विंडोजचा माऊस ड्रायव्हर त्याचा स्वतःचा असतो, डॉससाठी मात्र वेगळा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढवावा लागतो.

आता त्या तीन ओळींकडे येते. विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे खाते अशी कल्पनाच नव्हती. कंट्रोल पॅनेलमधील माऊसच्या चौकटीत बाणाचा वेग, डबल क्लिकचा वेग आणि डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल ठरवता येई, पण एकाने ठरवलेले ते पुढच्या सर्वांच्या वाट्याला येई. नव्याने शिकणाऱ्या मुलांना डबल क्लिक साधत नसे. दोन क्लिकमधील अंतर ४५२ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक झाले की मूळ मांडणीत संगणक ते दोन वेगळे क्लिक समजत असे. ज्या मुलांची बोटे सकाळी विडीचे पान कापून किंवा शेतात भांगलण करून आलेली असत, त्यांना हा अर्धा सेकंद अपुरा पडे आणि आपल्याला संगणक येणार नाही अशी त्यांची समजूत पहिल्याच तासाला होऊन बसे. बाणाच्या वेगाचेही तसेच होते. हात ठरावीक मर्यादेपेक्षा झटकन हलला की बाण दुप्पट अंतर कापतो, आणि अत्यंत वेगवान मांडणीत चौपट. सराव झालेल्याला ती सोय वाटते, नवख्याच्या हातून मात्र बाण निसटतो.

हे सर्व आकडे विन डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात, हे सरांनी शोधून काढले होते. त्यांनी त्या फाइलीच्या तीन प्रती केल्या. पहिली मूळची. दुसऱ्या प्रतीत डबल क्लिकसाठी ९०० मिलिसेकंद लिहिले आणि बाणाची गती वाढणे पूर्ण बंद केले. ती नव्या मुलांसाठी. तिसऱ्या प्रतीत बटणांची अदलाबदल करणाऱ्या ओळीपुढे शून्याऐवजी एक लिहिला. विद्यार्थ्याने आकडा दाबला की डॉसची एक छोटी बॅच फाइल, म्हणजे ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, त्याची प्रत विंडोजच्या डिरेक्टरीत नेऊन ठेवी आणि मग विंडोज सुरू करी. पुढचा विद्यार्थी बसताना विंडोजमधून बाहेर पडायचे आणि पुन्हा आकडा दाबायचा. संगणक बंद करण्याचीही गरज नसे. रंगांची निवडही त्याच फाइलीत साठत असल्याने तीदेखील आपोआप बदलली जाई. ज्या सोयीसाठी पुढे संगणकांत स्वतंत्र खाती आली, ती सोय आमच्या शाळेत फाइलीच्या तीन प्रतींवर चालत होती.

तिसरी प्रत माझ्यामुळे झाली. मी डावखुरी आहे. घरी जेवताना आणि देवापुढे हात जोडून प्रसाद घेताना डावा हात पुढे झाला की ओरडा बसे, आणि प्राथमिक शाळेत असताना पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात देण्याचे प्रयत्नही झाले होते. त्यामुळे संगणक कक्षात मी न सांगताच उजव्या हाताने माऊस धरला होता. सर काही वेळ मागे उभे राहून पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरी, हात तुझा आहे तोच राहू दे. बटणे आपण बदलू.” त्यांनी माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणला, माऊसची वायर आखूड पडत होती म्हणून संगणकाचा डबाच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि चौकटीतील अदलाबदलीच्या खुणेवर क्लिक केले. ती खूण लागताच बदल त्याच क्षणी लागू होतो. ती काढायची असेल तर उजव्या बटणानेच काढावी लागते, हेही त्यांनी मला करून दाखवले. माझी तर्जनी आता मुख्य बटणावर होती. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी तीन मुले स्वतःहून पुढे आली आणि आपणही डावखुरे असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांपैकी एकाविषयी आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हते.

आज मी बेळगावात एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात काम करते. नव्या कर्मचाऱ्याला यंत्र देताना मी आधी त्याच्या शेजारी बसते, त्याच्या हाताकडे आणि पडद्यापासूनच्या अंतराकडे पाहते, आणि मग अक्षरांचा आकार, बाणाचा वेग व डबल क्लिक ठरवते. हल्लीच्या विंडोजमध्ये हे पर्याय सेटिंग्जच्या दोन-तीन पानांवर मिळतात, खातेही प्रत्येकाचे वेगळे असते, त्यामुळे वेळ फारसा लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी यंत्र जसे खोक्यातून निघते तसेच माणसापुढे ठेवले जाते, याचे मला वाईट वाटते.

महोत्सवानिमित्त शाळेत नवा संगणक कक्ष उभा राहत आहे. मुख्याध्यापकांना मी पत्राने दोन विनंत्या केल्या आहेत. टेबले करून घेताना कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना माऊस फिरवण्याइतकी जागा सोडावी आणि प्रत्येक रांगेत किमान एका संगणकाला लांब वायरचा माऊस असावा. प्रवेशाच्या वेळी जो अर्ज भरून घेतला जातो, त्यात विद्यार्थी कोणत्या हाताने लिहितो आणि त्याला चष्मा आहे का, हे दोन प्रश्न घालावेत, म्हणजे त्याचे खाते पहिल्या तासाआधीच तयार ठेवता येईल. ही खाती तयार करून देण्यासाठी मी दिवाळीच्या सुट्टीत शाळेत येणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी कार्यालयात आपले नाव द्यावे.