विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात म्हणजे नक्की काय करतात, माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या, माझ्या जावेच्या धाकट्याला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. सगळा पाडा एकाच विहिरीचं पाणी पितो. पंचायतीत विचारलं तर "टीसीएल टाकतोय की रोज" एवढंच.

मग आशाताईंकडून एचटूएसची बाटली, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते तपासायची बाटली, घेतली, विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर काळंकुट्ट, म्हणजे पाण्यात मैला मिसळतोय. तीच बाटली घेऊन पंचायतीत गेले आणि खरं सांगते, आधी दिलेल्या दोन अर्जांनी झालं नाही ते त्या बाटलीनं झालं.

पावडरचं पोतं बघितलं तर तोंड उघडं, भिंतीच्या ओलीला टेकलेलं. नव्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत तो उडून जातो, 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती वापरायचीच नाही. नवीन पोतं यायला अकरा दिवस गेले, तोवर घरोघरी जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरलो.

आधी मूठभर पावडर वरूनच फेकायचे. आरोग्यसेवकांनी दोराला दगड बांधून आमच्याकडूनच माप घेतलं, व्यास 4 मीटर, पाणी अडीच मीटर. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, झाले 31,400 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे 157 ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं पाण्यात सोडून खालीवर हलवायची, तळाचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, आणि मग तासभर कुणी हंडा बुडवायचा नाही. पाऊस लागला की पाणी चढतं, मग माप परत घ्यायचं, हे तर कुणीच करत नव्हतं.

काठावरची धुणी बंद करायला मात्र भांडावं लागलं, अजून पूर्ण बंद नाहीत.

आत्या म्हणाली वास येतो, मी नाही पिणार. तिच्याच हंड्यातलं पाणी नळीत घेतलं, ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं द्रावण) थेंब टाकले, पिवळं झालं. म्हटलं आत्या, हा पिवळा रंग आला म्हणजे औषध अजून पाण्यात आहे, रंग नाही आला तर घाबरायचं. आता सकाळी नळी घेऊन तीच आधी येते, आणि रंग फिका वाटला की जलसुरक्षकाला, म्हणजे विहिरीत पावडर टाकणाऱ्या पंचायतीच्या माणसाला, घरी जाऊन उठवते.