खिडकीतल्या मोबाइलवरून भरलेले विवरणपत्र

लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे हा माझा व्यवसाय आहे. जुलैमध्ये मी सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी गेलो होतो. झाड पडून इंटरनेटची केबल तुटली आणि आणखी चार दिवस तरी ती जोडली जाणार नाही, असे कळले तेव्हा महिन्याची १८ तारीख होती. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावे लागते, आणि हिशेब तर सगळे लॅपटॉपवरच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते.

मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करणे म्हणजे दोन बटणांचे काम, असे मी आजवर इतरांना सांगत आलो होतो. तो सुरू झाला, भाच्याच्या फोनमध्ये त्याचे नावही दिसले. माझ्या दहा वर्षांच्या लॅपटॉपला मात्र ते दिसेना. अर्धा तास लॅपटॉप बंद-चालू करण्यात घालवल्यावर लक्षात आले, की फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) होता आणि लॅपटॉपचे जुने वाय-फाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलताच नाव यादीत आले.

जीएसटीचे पोर्टल उघडले, दोन जणांची खरेदीची आकडेवारी तपासून झाली, आणि दिवसाचा दीड जीबी डेटा संपल्याचा संदेश आला. विवरणपत्राला इतका डेटा लागणे शक्यच नव्हते. लॅपटॉपच्या दृष्टीने हे घरचेच वाय-फाय असल्यामुळे कित्येक दिवसांचे साचलेले अपडेट तो मागच्या मागे उतरवून घेत होता, शिवाय फोटोंची प्रतही क्लाउडवर चढवत होता. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे इथे डेटा मोजका आहे ही खूण, सुरू केले, फोटोंचे काम थांबवले आणि वरचा डेटा विकत घेतला.

खरा त्रास रेंजचा होता. घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या. माजघरात रेंजची एक काडी, पडवीच्या खिडकीत तीन. फोन खिडकीत ठेवला तर लॅपटॉपपर्यंत वाय-फाय क्षीण होई, आणि हॉटस्पॉटमुळे फोन इतका तापे की हातात धरवत नसे. म्हणून लॅपटॉपच पडवीत नेला आणि फोन यूएसबी केबलने जोडला. फोन चार्ज होऊ लागला, पण केबलमधून फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणारे ‘यूएसबी टेदरिंग’चे बटण फिकटच राहिले. ती बाजारातून घेतलेली, केवळ चार्जिंगची केबल होती. तिच्यात विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनसोबत आलेली केबल आईच्या कपाटात, गोधड्यांच्या मागे सापडली. ती लावताच बटण सुरू झाले आणि लॅपटॉपवर वाय-फायऐवजी इथरनेट, म्हणजे तारेची जोडणी, दिसू लागले. हे लॅपटॉपच्या लेखी वेगळे नेटवर्क असल्याने ‘मीटर्ड’ची खूण पुन्हा करावी लागते, हे आदल्या दिवशीचा डेटा गमावलेल्या माणसाला सांगावे लागले नाही.

केबलमुळे जोडणी स्थिर झाली, फोनची बॅटरीही टिकली. मात्र वीज गेली की फोन लॅपटॉपची बॅटरी खातो, हे ध्यानात ठेवून मी फायली आधीच तयार ठेवू लागलो.

शेवटची अडचण मी कल्पिलीच नव्हती. विवरणपत्राला मान्यता देण्याचा ओटीपी व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जातो, आणि तो मला फोन करून आकडे सांगतो. त्याचा फोन आला तो इंटरनेट पुरवणाऱ्या त्याच मोबाइलवर, आणि कॉल घेताच पोर्टलचे पान अडकले. माझ्या फोनमधले फोर-जी कॉलिंग बंद होते, त्यामुळे कॉल येताच फोन जुन्या नेटवर्कवर उतरे आणि डेटा थांबे. ते सुरू केले आणि नवा ओटीपी मागवला. या खेपेला व्यापारी एकेक आकडा सावकाश सांगत असताना मी तो लॅपटॉपवर भरत गेलो, आणि कॉल चालू असतानाच पडद्यावर पोचक्रमांक उमटला.