डॅलसचं लाल कोर्ट
आज काकांना डाउनटाऊन दाखवायला नेलं, त्यांना केनेडींवर गोळी झाडली ती जागा बघायची होती, पण त्या जागेच्या, म्हणजे डीली प्लाझा चौकाच्या अगदी शेजारी ते ओल्ड रेड कोर्टहाउस दिसलं आणि काका तिथेच अडकले, कारण अख्खी नोकरी त्यांची जिल्हा कोर्टात गेलेली!!

इमारत १८९२ ची. लालभडक दगड, गोल बुरूज, आणि छपरावर पंखवाले ड्रॅगन बसवलेत, विचारू नका. डॅलस काउंटीचं पहिलं कोर्ट म्हणजे ओंडक्यांची खोली, ती जळाली, मग एकेक करत बांधत गेले आणि १८९० मध्ये त्यावेळचं दगडी कोर्टसुद्धा आगीत गेलं, तेव्हा हे आलं. काकांचा पहिला प्रश्न, "अरे पण रेकॉर्ड रूमचं काय झालं?" 😄

घड्याळाचा टॉवर १९१९ मध्ये उतरवला, इमारतीला पेलवणार नाही या भीतीने. मग जवळजवळ नव्वद वर्षं बोडकीच उभी होती बिचारी, २००७ ला टॉवर परत बांधला. मला विचाराल तर हा खर्च एकदम वसूल आहे. मधल्या काळात, १९६६ ला, कोर्ट जवळच्याच नव्या बिल्डिंगमध्ये गेलं, ती म्हणजे नुसता काँक्रीटचा डबा, काका तिच्याकडे बघून म्हणाले, "इथे तारीख पे तारीख शोभेल."

केनेडींची जागा शेवटी दहा मिनिटांत उरकली.