तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं मेल सॉफ्टवेअर सेफ?

ऑफिसचे मेल मी सांभाळतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आऊटलुक बरं की थंडरबर्ड की सरळ ब्राउजरमध्येच उघडावं, व्हायरस कशात येत नाही? मी नीट उत्तर द्यायला लागलो की समोरच्याला वाटतं टाळतोय. टाळत नाहीये हो, एका नावात मावत नाही इतकंच.

मी स्वतः कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगायचो की आऊटलुक काढा, अर्धा त्रास जाईल. आणि त्याला कारण होतं. मे 2000 मधला आय लव्ह यू व्हायरस आठवा, फाईलच्या नावात शेवटी टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर असं दिसायचं, पुढचं खरं व्हीबीएस, म्हणजे ही चालणारी स्क्रिप्ट आहे हे, विंडोज लपवून ठेवायचं, एक क्लिक केला की अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तोच मेल. त्याच्या आदल्या वर्षीची मेलिसा, तीही व्हायरसच, पहिल्या 50 पत्त्यांवर जायची. दोन्ही पसरायच्या त्या आऊटलुकमधूनच. मग मी चुकीचं काय सांगत होतो?

तेव्हा काही नाही. पण 2020 साल आलं तरी मी तेच धरून बसलो होतो.

तोवर प्रोग्रॅम बदलून झाला होता, सर्व्हरवर अटॅचमेंट स्कॅन होत होत्या, मी निर्धास्त. एका दुपारी अकाउंट्समधल्या मॅडमनी बोलावलं, सर एक झिप आलीय, पासवर्ड मेलमध्येच दिलाय, उघडू का? मी स्क्रीन बघितली, ओळखीच्या सप्लायरचं नाव, खाली आमचंच मागच्या महिन्यातलं बोलणं जसंच्या तसं, बिलाचा नंबरसुद्धा बरोबर. म्हणालो उघडा, त्यांचंच आहे. नाव बघितलं, पूर्ण पत्ता नाही बघितला. आत वर्डची फाईल, वर पिवळी पट्टी, एनेबल कंटेंट, त्यांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्राहकांचे फोन सुरू झाले, त्यांनाही जुन्या बोलण्याला जोडून तशीच झिप आलेली, आमच्या नावाने. एमोटेट नावाचा व्हायरस होता तो. एका मेलबॉक्समधलं बोलणं चोरायचं आणि त्यालाच उत्तर म्हणून पुढच्याला फाईल पाठवायची, ही त्याची रीत. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत स्कॅनरला सहसा बघता येत नाही, पासवर्ड त्यासाठीच होता, आणि हे मला माहीत होतं.

मीटिंगमध्ये विचारलं गेलं कोणी क्लिक केलं. मॅडमचं नाव निघालं. मी सांगितलं होतं उघडा म्हणून, हे मी तिथे बोललो नाही. दोन दिवसांनी बोललो, तोवर व्हायचं ते बोलून झालं होतं. त्यानंतर त्यांनी मला कधी काही उघडू का म्हणून विचारलं नाही. मला विचारणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

तो व्हायरस मेल प्रोग्रॅममध्ये चाललाच नव्हता, वर्डमध्ये चालला. एनेबल कंटेंट दाबल्यावर चालतात ते मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच दडलेले छोटे प्रोग्रॅम. नेटवरून आलेल्या फाईलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, बरंच झालं, पण ती सोय वर्डमधली. मग मेल सॉफ्टवेअर कुठलंही चालेल असं म्हणतोय का? नाही. मार्च 2023 मध्ये आऊटलुकमधली एक फट बुजवली, तिच्यात मेल उघडायचीही गरज नव्हती, नुसता आला तरी पुरे. म्हणून मी आता बघतो ते एवढंच, की अपडेट आपोआप येतात का, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता दिसतो का, बाहेरची चित्रं न विचारता लोड तर होत नाहीत ना. यात जे बसेल ते घ्या, नावावरून भांडू नका.

आणि पासवर्डवाल्या झिप मी सर्व्हरवरच अडवतो. खऱ्याही अडकतात, लोक चिडतात, त्यांचं काम खोळंबतं हे मला दिसतं. मग काही जण स्वतःच्या खाजगी मेलवर मागवून घेतात आणि ऑफिसच्याच मशीनवर उघडतात, ते माझ्या स्कॅनरपर्यंत येतच नाही. अडवणं बंद केलं तरी भीती, चालू ठेवलं तरी ही पळवाट. सध्या चालू ठेवलंय.